सुंदरलाल अहवाल आणि आपले अर्धे वाचन

दरवर्षी १७ सप्टेंबर जवळ आला की आमच्या उर्दू शिक्षकांच्या मोबाइल गटावर एक छायाचित्र फिरू लागते. टंकलिखित इंग्रजी कागदाचे अर्धेच पान, त्यातल्या एका आकड्याभोवती लाल वर्तुळ आणि खाली एक ओळ : पाहा, सरकारनेच कबूल केले आहे. त्याच दिवशी तालुक्यातल्या सर्व माध्यमांच्या शिक्षकांच्या गटावर मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या शुभेच्छा येतात आणि त्यांच्या मागोमाग रझाकारांच्या अत्याचारांची यादी येते. मी दोन्ही गटांत आहे. दोन्हीकडे गप्प बसते. आजऱ्यासारख्या गावात राहणाऱ्या बाईला हैदराबादच्या भानगडीत पडण्याचे कारण काय, असे स्वतःला सांगून मी बरीच वर्षे काढली. आमचे आजरे इचलकरंजी जहागिरीतले, कोल्हापूर संस्थानाच्या छायेतले. निजामाचे राज्य आम्हाला पाठ्यपुस्तकातच भेटते.

पण गेल्या वर्षी लातूरकडून बदलून आलेल्या एका सहकारी शिक्षिकेने ते छायाचित्र मला दाखवले आणि विचारले, "बाजी, ये पूरा कागज किधर मिलेंगा?"

पूर्ण कागद! इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. मीही नाही. आणि मी इतिहास शिकवते.

हा लेख त्या पूर्ण कागदाविषयी आहे. एकेकाळी सरकारी कपाटात बंद असलेले आणि आता कुणालाही घरबसल्या पाहता येणारे कागद आपण मराठी मुसलमान लिहिणारे कसे वाचतो, याविषयीही आहे. मी इतिहास संशोधक नाही. शाळेत मुलांचे उतारे तपासणे हा माझा धंदा. तेव्हा उतारा तपासावा तसाच हा अहवाल वाचून पाहिला, इतकेच.

आधी कागदाची हकीकत. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. याला 'पोलीस अ‍ॅक्शन' असे नाव पडले. त्या दिवसांत आणि नंतरच्या काही आठवड्यांत संस्थानात, विशेषतः मराठी आणि कानडी जिल्ह्यांत, मुसलमानांच्या कत्तली झाल्याच्या बातम्या दिल्लीला पोहोचू लागल्या. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून एक शिष्टमंडळ तिकडे गेले. त्यात पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे तिघे होते. नोव्हेंबर १९४८ च्या अखेरीपासून सुमारे तीन आठवडे ते फिरले. संस्थानातल्या सोळापैकी नऊ जिल्ह्यांत गेले. सात जिल्ह्यांची मुख्य ठिकाणे, एकवीस शहरे आणि तेवीस खेडी त्यांनी प्रत्यक्ष पाहिली, आणि जिथे जाता आले नाही अशा १०९ खेड्यांतल्या पाचशेहून अधिक लोकांच्या जबान्या घेतल्या. परत येऊन त्यांनी अहवाल दिला. तो प्रसिद्ध झाला नाही. सरदार पटेलांना तो मान्य नव्हता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्याच १९४८ साली, लष्करी कारवाईच्या आधी, भारत सरकारने हैदराबादवर एक श्वेतपत्रिका काढली होती. निजाम सरकारने जैसे थे कराराचा भंग कसा केला आणि रझाकारांनी कोणते अत्याचार केले, हे तिच्यात आहे. म्हणजे एकाच सरकारचे, एकाच संस्थानाविषयीचे, काही महिन्यांच्या अंतराने तयार झालेले दोन कागद. एक छापून वाटला गेला, दुसरा कपाटात गेला. छापला गेला म्हणून पहिला खोटा ठरत नाही, आणि कपाटात गेला म्हणून दुसरा वेदवाक्य ठरत नाही. आपल्याकडे मात्र नेमके तेच चालते. ज्याला पहिला सोयीचा तो पहिला वाचतो, ज्याला दुसरा सोयीचा तो दुसऱ्याचे अर्धे पान वाचतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचणारा विरळा.

'गुप्त' या शब्दाची नशाही आपल्याला फार लवकर चढते. २०१३ साली बीबीसीने या अहवालावर बातमी केली तेव्हा जणू जमिनीतून काही उकरून काढल्यासारखी चर्चा झाली. पण उमर खालिदी यांनी १९८८ साली हैदराबादच्या पाडावावर संपादित केलेल्या पुस्तकात या अहवालाचे भाग छापले होते. ए. जी. नूरानी यांनी २००१ साली 'फ्रंटलाइन'मध्ये त्यावर लिहिले आणि २०१३ च्या आपल्या पुस्तकात तर अहवालच परिशिष्ट म्हणून दिला. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात (२०२३ पासून त्याचे नाव प्रधानमंत्री संग्रहालय आणि ग्रंथालय झाले आहे) अभ्यासकांना तो पाहता येत होता. म्हणजे १९८८ ते २०१३ ही पंचवीस वर्षे कागद उघडा होता. आपले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली सोलापुरात सुरू झाले. हैदराबाद संस्थानाची हद्द त्या शहराच्या अगदी जवळून जात होती, आणि अहवालात सोलापूरचे नावही आहे. ते कोणत्या संदर्भात, ते पुढे सांगते. तेव्हा सरकारने दडवले ही तक्रार करताना आपण वाचले नाही हीही नोंद केली पाहिजे. सरकारचा दोष त्याने कमी होत नाही. आपला मात्र मोजला जातो.

आता अहवालाकडे.

लाल वर्तुळात असतो तो आकडा सत्तावीस ते चाळीस हजारांचा. अत्यंत सावध अंदाज म्हणून शिष्टमंडळाने तो दिला आहे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत मिळून किमान अठरा हजार माणसे मारली गेली, असे अहवाल म्हणतो. औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक या जिल्ह्यांत किमान पाच हजार. फिरत्या छायाचित्रात 'सावध अंदाज' हे शब्द कापलेले असतात, सत्तावीसही कापलेले असतात, आणि चाळीस हजार तेवढे उरतात. काही ठिकाणी तर 'सुंदरलाल अहवालानुसार दोन लाख' असे बिनदिक्कत छापले जाते. अहवालात असा आकडा नाही. दुसऱ्या कुणाचा अंदाज तसा असेल, तर त्याच्या नावाने द्यावा. चाळीस हजार माणसांचे मरण आपल्याला पुरेसे वाटत नाही काय? त्यावर शून्ये चढवून आपण मेलेल्यांचे भले करत नाही. खोडून काढणाऱ्यांच्या हातात आयते कोलीत मात्र देतो.

आणि आकड्यांविषयी आम्हा शिक्षकांना कुणी शिकवू नये. शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण, जनगणना, मतदार यादी ही सगळी कामे आमच्याच खांद्यावर असतात. दार बंद दिसले की रकान्यात काय भरले जाते, संध्याकाळी पाचला माहिती पाठवायची असली की 'निरंक' कसे लिहिले जाते, हे मला ठाऊक आहे. म्हणून सरकारी कागदावरचा आकडा दिसला की पहिल्यांदा मी विचारते : हा कुणी मोजला, कुठे उभा राहून मोजला, किती दिवसांत मोजला? सुंदरलाल अहवालाचे मोठेपण इथे आहे की या प्रश्नांची उत्तरे तो स्वतःच देतो. आम्ही इतकी गावे पाहिली, इतकी पाहिली नाहीत, उरलेल्यांचा अंदाज असा केला, हे तो लपवत नाही. निरंक लिहिणे त्या तिघांना सोपे होते. बहुतेकांना तेच हवेही होते.

अर्ध्या पानाच्या बाहेर काय आहे? रझाकारांचे अत्याचार आहेत. ते गावोगाव पैसे वसूल करत, नकार मिळाला तर लूट होई, प्रतिकार झाला तर जाळपोळ, खून, बायका पळवणे. हे अहवाल स्वच्छ शब्दांत सांगतो. सैन्याविषयी तो दोन गोष्टी सांगतो आणि दोन्ही शेजारी ठेवतो. सर्वसाधारणपणे शिस्त चांगली होती, जनरल चौधरी यांच्या मनात जातीय आकस नव्हता, असे तो म्हणतो. आणि कित्येक ठिकाणी सैनिकांनी मुसलमान पुरुषांना घराबाहेर काढून मारले, लुटीत भाग घेतला किंवा जमावाला उत्तेजन दिले, हेही म्हणतो. सोलापूर आणि भारताच्या इतर गावांतून आलेल्या, एका जातीय संघटनेच्या प्रशिक्षित आणि सशस्त्र माणसांचा उल्लेख त्यात आहे. आणि हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले, त्यासाठी कुठे कुठे स्वतःचे प्राणही दिले, पळवलेल्या मुसलमान बायका परत मिळवून देण्यात अनेक हिंदूंनी मदत केली, हेही त्यात आहे.

हे शेवटचे मी कधीही फिरत्या छायाचित्रात पाहिलेले नाही. आमच्या गटावरही नाही आणि दुसऱ्या गटावरही नाही. दोघांनाही ते परवडत नाही. आमच्या लोकांना वाटते की त्याने दुःख पातळ होईल. त्यांना वाटते की वाचवले हे सांगायचे तर कुणापासून वाचवले हेही सांगावे लागेल.

अहवालाची भाषा कारकुनी आहे. लूट, जाळपोळ, मशिदींची विटंबना, सक्तीचे धर्मांतर, घरे आणि जमिनी बळकावणे ही सगळी रकान्यात बसवलेली. बलात्कार आणि अपहरण हेही त्याच यादीत, एका स्वल्पविरामाच्या अंतरावर. शिष्टमंडळात तिघेही पुरुष होते. एखाद्या बाईची जबानी तिच्याच तोंडून ऐकावी असे त्या अहवालात मला कुठे जाणवले नाही. मात्र एका जागी ही भाषा तुटते. त्यांना ठिकठिकाणी प्रेतांनी भरलेल्या विहिरी दाखवल्या गेल्या. एका विहिरीत त्यांनी अकरा प्रेते मोजली. त्यांत एक बाई होती आणि तिच्या छातीला तिचे मूल चिकटलेले होते. इथे अंदाज नाही, सावधपणा नाही. तिघे विहिरीच्या काठावर उभे राहून मोजत आहेत, एवढेच दिसते. हजारोंच्या आकड्यांनी मला जे झाले नव्हते ते या अकरांनी झाले. मी मोबाइल बंद केला.

या मजकुराखाली काझी अब्दुल गफ्फार यांचे नाव दिसले तेव्हा मी चमकले होते. उर्दू वाचणाऱ्यांना हे नाव परके नाही. 'लैला के खुतूत' त्यांचेच. त्या पत्रांची लेखिका एक तवायफ आहे आणि सभ्य पुरुषांच्या समाजाला ती जे सुनावते ते वाचून आमच्या अब्बांच्या पिढीने ते पुस्तक उशीखाली लपवून ठेवले होते. बाईच्या तोंडून बोलणे ज्याला साधले होते, तोच लेखक इथे बाईला यादीत टाकून पुढे जातो. हा दोष त्यांचा की अहवाल नावाच्या साच्याचा? मला वाटते साच्याचा. काझीसाहेब हैदराबादेत 'पयाम' हे वर्तमानपत्र चालवत होते, रझाकारांच्या राजकारणाच्या विरोधात होते. त्या विरोधाची किंमत काय असे ते त्यांना माहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये 'इमरोज'चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा रझाकारांनी खून केला होता, तो भारतात विलीन व्हा असे लिहिल्याबद्दल. अशा माणसाने मुसलमानांच्या कत्तलीचा अहवाल लिहिला आहे. 'रझाकारांचा समर्थक' हा शिक्का त्याच्यावर बसत नाही.

आणि सुंदरलाल? त्यांचे 'भारत में अंग्रेजी राज' १९२९ साली निघाले आणि इंग्रज सरकारने ते लगेच जप्त केले. परक्यांच्या राज्याने ज्याचा इतिहास जप्त केला, त्याचाच अहवाल वीस वर्षांनी आपल्या राज्याने कपाटात ठेवला. यावर जास्त लिहिण्याची गरज नाही.

आता थोडे हे कागद शोधण्याविषयी, कारण आमच्यासारख्या आडगावच्या माणसाला दिल्लीला जाणे जमत नाही आणि आता ते नेहमीच आवश्यकही नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१५ साली 'अभिलेख पटल' हे आंतरजालावरचे दालन सुरू केले. नाव नोंदवले की सूची चाळता येते आणि बऱ्याच फायलींची पाने पडद्यावर पाहता येतात. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने जुने कागद अभिलेखागाराकडे देण्याची चौकट घातली. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातही, काही अपवाद वगळता, वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती नाकारता येत नाही असे कलम आहे. कायदा असा उदार आहे. प्रत्यक्षात काय उघडायचे आणि कधी उघडायचे हे कपाटाची किल्ली असणाराच ठरवतो. नेताजींच्या शंभर फायली २३ जानेवारी २०१६ रोजी त्यांच्या जयंतीचा मुहूर्त धरून खुल्या झाल्या. अमेरिकेच्या सीआयएने खुले केलेले सव्वा कोटीच्या आसपास पानांचे दप्तर २०१७ पर्यंत फक्त मेरीलँडमधल्या चार संगणकांवर पाहता येत होते. कायद्याने खुले, पण पाहायचे तर तिथे जा. आपल्या तलाठी कार्यालयातही असेच चालते, म्हणून मला नवल वाटले नाही.

रात्री पाऊस थांबला आणि मोबाइलला रेंज असली की मी शोधत बसे. पहिले आठ दिवस काहीच सापडले नाही. नंतर चूक कळली. मी लातूर जिल्हा शोधत होते. लातूर जिल्हा १९८२ साली झाला, १९४८ साली ते उस्मानाबाद जिल्ह्यातले गाव होते. आणि उस्मानाबादचे २०२३ पासून धाराशिव झाले आहे. सूची इंग्रजीत, तीही इंग्रजांच्या कानाला ऐकू आलेल्या स्पेलिंगात. बीडचे 'बीर', नांदेडचे 'नांदेर', अंबाजोगाईचे 'मोमिनाबाद'. मुसलमान शोधायचे तर 'मोहॅमेडन' म्हणूनही शोधा आणि 'मोस्लेम' म्हणूनही शोधा. आजचे नाव टाकणाऱ्या मुलाला पडदा सांगतो की असे काही सापडले नाही, आणि तो मुलगा समजतो की असे काही झाले नाही. नामांतराच्या वादात मी पडत नाही. पण पोराला दोन्ही नावे शिकवली पाहिजेत, एवढे शिक्षक म्हणून म्हणते.

फाइल उघडली की दोन गोष्टी दिसतात, टिपणी आणि पत्रव्यवहार. आपले लोक पत्रव्यवहारावर उड्या मारतात, कारण त्यावर मोठ्यांच्या सह्या असतात. खरी गंमत टिपणीत असते. तिथे एक अधिकारी काहीतरी सुचवतो, वरचा समासात दोन शब्द लिहितो आणि विषय संपतो. त्या दोन शब्दांत माणसांची नशिबे असतात. ज्याने कधी पंचायत समितीत आपल्या अर्जाचा पाठलाग केला आहे त्याला टिपणी वाचायला शिकवावे लागत नाही.

अर्धे वाचन फक्त हैदराबादच्या बाबतीत होते असे नाही. आमच्याच जिल्ह्यातले उदाहरण देते. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या आदेशाने मुसलमानांनाही आरक्षण दिले, हे आमच्याकडचा प्रत्येक वक्ता सांगतो आणि ते खरे आहे. पण आदेशाची रचना कशी आहे? मागासलेले कोण याची लांब यादी त्यात नाही. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले सोडून बाकी सर्व, अशी व्याख्या आहे. म्हणजे मुसलमान 'बाकी सर्वां'त येतात, मराठ्यांबरोबर, महारांबरोबर, धनगरांबरोबर. वेगळी मेहेरबानी म्हणून नाही. १९०६ साली महाराजांनी मुसलमानांच्या शिक्षणासाठी संस्था काढून दिली तीही याच पंगतीतली. मूळ आदेश वाचल्यावर आपले स्थान थोडे बदलते. उपकाराच्या भाषेतून आपण हक्काच्या भाषेत येतो. भाषणे ऐकून हे मला कधी कळले नव्हते.

उलट बाजूही सांगते. मुंबई इलाख्याची गॅझेटिअरे आता शासनाने आंतरजालावर ठेवली आहेत. कोल्हापूरचा खंड १८८६ चा. आपल्यातले बरेच लेखक आपल्या बिरादरीचा इतिहास लिहिताना त्यातली वाक्ये उचलतात. ही जात कष्टाळू, ती काटकसरी, ती व्यसनी, ती नीटनेटकी, असे एकेका समाजाला एका ओळीत गुण देण्याची त्या साहेबांची पद्धत होती. वर्गात मी असे शेरे प्रगतिपुस्तकावर लिहिते तेव्हा निदान मुलाला ओळखत असते. साहेब ओळखत नव्हता. तरी आपल्या पुस्तिकांत ते शेरे सन्मानपत्रासारखे छापले जातात. जुना कागद आणि खरा कागद हे दोन वेगळे शब्द आहेत.

आता आपल्या साहित्याकडे येते, कारण हा वार्षिक अंक साहित्याचा आहे. मराठीत हैदराबादचा इतिहास लिहिला गेला तो प्रामुख्याने संग्रामाचा. स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी, अनंत भालेराव यांचा मोठा ग्रंथ, ही त्याग केलेल्या माणसांची लेखने आहेत आणि त्यांचा ओघ १७ सप्टेंबरकडे जातो. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, ते आपली गोष्ट सांगत होते. आपली गोष्ट कुणी सांगायची? उर्दूत जिलानी बानो यांनी 'ऐवान-ए-गझल'मध्ये कोसळणाऱ्या हैदराबादी हवेल्या उभ्या केल्या, इब्राहिम जलीस यांनी 'दो मुल्क एक कहानी' लिहिली. पण ते हैदराबाद शहर आणि शहर सोडून गेलेली माणसे. औसा, निलंगा, उदगीर, उमरगा इथल्या खेड्यांतला मुसलमान शेतकरी, पिंजारी, आतार, जो कुठे गेला नाही, ज्याची पोरे पुढे मराठी शाळेत शिकली, तो उर्दूत आला नाही आणि मराठीतही फारसा आला नाही. मुस्लिम मराठी लेखनात दंगलीची कविता भरपूर आहे. भिवंडी आहे, मुंबई आहे. १९४८ वर मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही सापडले नाही. जे आहे ते एक तर 'आम्ही रझाकार नव्हतो' या खुलाशाच्या सुरात आहे, नाही तर आकड्याच्या सुरात. दोन्हीत माणूस नाही.

या कामाला लागणारी हत्यारे मात्र आपल्याच हातात आहेत आणि याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. निजामी राज्याचा कारभार उर्दूत चालत असे. मराठवाड्यातल्या जुन्या महसुली नोंदी, इनामाचे मुंतखब, तहसीलचे दप्तर उर्दूत आहे. हैदराबादच्या अभिलेखागारात तर उर्दू कागदांचे ढीग आहेत. दिल्लीचे अभ्यासक इंग्रजी फायली वाचतात, पुण्याचे मराठी वाचतात. उर्दू आणि मराठी दोन्ही वाचणारी, शिवाय खेड्यातली दखनी बोली कानाने ओळखणारी माणसे महाराष्ट्रात कोण आहेत? उर्दू शाळांतले आम्ही शिक्षक. आणि आम्ही काय करतो? अर्धे पान पुढे पाठवतो. शिक्षकांना वेळ नाही हे खरे आहे, मी स्वतः हा लेख दोन उन्हाळी सुट्यांत लिहिला. पण गटावर घालवायला वेळ असतो.

अहवालातून भाषाच निसटली आहे, हे त्यामुळेच कुणाच्या लक्षात येत नाही. ज्या पाचशे लोकांनी जबान्या दिल्या ते इंग्रजीत बोलले नसणार. ते दखनीत बोलले, मराठीत बोलले, कानडीत, तेलुगूत बोलले. शिष्टमंडळाने त्यांचे इंग्रजी केले. आज आपण त्या इंग्रजीचे पुन्हा मराठी करतो. मधल्या दोन उड्यांत बोलणाऱ्याचा आवाज गेला. 'त्यांनी सर्वस्व गमावले' हे अहवालाचे मराठी झाले. त्या बाईने काय म्हटले असेल? म्हैस गेली म्हणाली असेल, पितळेचा हंडा गेला म्हणाली असेल.

हे मी तर्काने लिहिलेले नाही. सहकारी शिक्षिकेची दादी गेल्या मे महिन्यात नातीकडे आजऱ्याला राहायला आली. वय विचारले तर सांगता येत नाही, पण 'पोलीस एक्शन' झाले तेव्हा ती शेळ्या वळायला जाण्याइतकी होती. गाव लातूरजवळचे. पावसाळ्याच्या तोंडावर इथली ओल पाहून ती सारखी कुरकुर करायची. एका दुपारी मी अहवालाची छापील पाने घेऊन गेले आणि तिला दखनीत वाचून दाखवू लागले. चार जिल्हे, अठरा हजार, सात मुख्य ठिकाणे. ती ऐकत होती की नाही कळेना. सुपारी कातरत बसली होती. विणकरांचा भाग आला तेव्हा तिने अडकित्ता थांबवला आणि म्हणाली, "हमकू पाटलीनबाईने कणगी में बिठाई थी. मेरेकू और छोटे भाई कू. उपर से जवार डाली." मग पाटलीणबाईच्या पायात काय होते, तिने ज्वारी टाकताना काय सांगितले, भाऊ कसा शिंकला, हे सगळे आले. म्हशीचेही आले. तिच्या नातीने हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकले.

मी पुढे वाचत राहिले. लातूरविषयी गोपनीय टिपणात जे आहे तेही वाचले : वीसहून अधिक दिवस हत्या चालू होती, दहा हजार मुसलमानांच्या वस्तीत जेमतेम तीन हजार उरले होते, हजाराच्या वर मारले गेले आणि बाकीचे पळाले होते. वाचून संपल्यावर तिने विचारले,

"उसमें नाम लिखे क्या?"

मी म्हटले, "नै दादी. गाँव के नाम हैं. लोगाँ के नै."

"मेरे बाप का बी नै?"

"नै."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग नातीला म्हणाली, चष्मा दे. चष्म्याचा तिला काय उपयोग होता कोण जाणे, तिला वाचता येत नाही. तो लावून ती माझ्याकडे वळली आणि सांगू लागली. माझ्याजवळ शाळेची दैनंदिन टाचण वही होती. तिच्या मागच्या पानावर मी उर्दूत लिहून घेत गेले, कारण ती बोलत होती त्या वेगाने मला उर्दूच लिहिता येते. बाप, दोन चुलते, मशिदीत झाडू मारणारा एक म्हातारा, ज्याचे खरे नाव तिला आठवत नव्हते, म्हणून 'लंगडे मामू' असेच लिहायला सांगितले. पाटलीणबाईचेही नाव तिने त्याच यादीत घालायला लावले. मी म्हटले, ती तर मेली नव्हती ना. ती म्हणाली, लिख.